भिगवणची क्लब सहल: रोहित पक्ष्यांसाठी जाणाऱ्यांना सांगायच्या गोष्टी

पुण्यातल्या आमच्या हौशी फोटोग्राफी क्लबची यंदाची फेब्रुवारीतली सहल भिगवणला गेली. क्लबात सगळ्या वयाचे लोक आहेत. नोकरीतून निवृत्त झालेले काका-काकू आहेत, कॉलेजची मुलं आहेत, आणि फक्त मोबाइलवर फोटो काढणाऱ्या एक शिक्षिकाही आहेत. कोणाकडे ६०० मिलिमीटरची लेन्स, तर कोणाकडे कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी. तरी निघण्याआधीच्या बैठकीत एक नियम सगळ्यांनी मान्य केला: उडत्या पक्ष्यांचे फोटो मिळावेत म्हणून होडी थव्यात घालायची नाही, आणि नावाड्याला तसं सुचवायचंही नाही. जाण्यायेण्याची माहिती पुढे दिली आहेच, पण हे लिहायला घेतलं ते या नियमासाठी. भिगवणहून चांगले फोटो आणायचे असतील तर याच्याइतकी उपयोगी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

भिगवण म्हणजे उजनी धरणाच्या फुगवट्याचा, यशवंतसागराचा काठ. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. साठवण साधारण ११७ टीएमसी, आणि पाण्याचा पसारा पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत. पावसाळ्यात धरण भरतं तेव्हा काठापर्यंत खोल पाणी असतं आणि रोहितांना, म्हणजे फ्लेमिंगोंना, तिथे उभं राहायला जागा नसते. पुढे उसाला आवर्तनं सुटतात, पाणी मागे सरकतं, चिखलाची बेटं उघडी पडतात आणि गुडघाभर पाण्याचे पट्टे तयार होतात. रोहितांना नेमकं तेच हवं असतं. म्हणून पाऊस चांगला झालेल्या वर्षी ते उशिरा दिसू लागतात. डिसेंबरात जाऊन रिकाम्या हाताने परतलेले बरेच जण भेटतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. आमचा अनुभव असा की जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा काळ धरावा आणि निघण्यापूर्वी पाण्याची पातळी विचारून घ्यावी.

पुण्याहून अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. हडपसर, उरुळी कांचन, यवत, पाटस, कुरकुंभ असा सोलापूर महामार्ग सरळ भिगवणला नेतो. तिथून कुंभारगाव किंवा डिकसळकडे वळायचं. पहाटे चारला निघालं तर उजाडण्याआधी काठावर पोचता येतं, कारण फेब्रुवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. वाटेत चहाला एकदाच थांबा आणि तेही थोडक्यात. पहिल्या तासाचा उजेड हुकला की पुढची सगळी धडपड निम्म्यावर येते. रेल्वेने यायचं तर भिगवण स्टेशन आहे, पण तिथून काठावर जायला गाडी आधी ठरवून ठेवावी लागते. कुंभारगावात राहण्याजेवणाची घरगुती सोय होते. आदल्या रात्री येऊन राहणं सगळ्यात चांगलं, विशेषतः बरोबर लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर.

नावाडी आधीच फोनवर ठरवा, आणि होडीचे पैसे, किती तास, माणसं किती हे तेव्हाच स्पष्ट बोलून घ्या. आम्ही एका होडीत चारच जण बसलो. सहा बसू शकतात, पण मोठ्या लेन्सा घेऊन सहा जण बसले की एकाच्या कोपराने दुसऱ्याचा फोटो हलतो. ट्रायपॉड होडीत कामाचा नाही. तळाची थरथर त्याच्या पायांतून थेट कॅमेऱ्यात येते. त्यापेक्षा जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून तिच्यात तांदूळ किंवा मका भरा आणि होडीच्या काठावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा. आमच्या एका काकूंनी अशा पिशव्या सगळ्यांसाठी शिवून आणल्या होत्या. त्यांचा आणखी एक फायदा लक्षात आला. लेन्स आपोआप पाण्याच्या जवळ येते आणि पक्षी डोळ्यांच्या पातळीवर दिसतो. उभं राहून वरून काढलेला आणि असा बसून काढलेला फोटो शेजारी ठेवून पाहा, फरक सांगावा लागणार नाही.

पाण्यावर धुकं होतं. आधी नुसते आवाज आले, बदकांच्या कलकलाटात मिसळलेले हंसासारखे खर्जातले. मग फिकट गुलाबी रेघ दिसली. नावाड्याने इंजिन बरंच आधी बंद केलं आणि पुढे बांबूने होडी ढकलत नेली. थवा माना वर करू लागला तिथे आम्ही थांबायला सांगितलं. होडी तशीच उभी राहिली. थोड्या वेळाने माना पुन्हा खाली गेल्या आणि चरणं सुरू झालं.

रोहित चरताना जवळून पाहणं हे या सहलीचं खरं सुख. डोकं पाण्यात पूर्ण उलटं घालतात, इतकं की वरची चोच खाली येते. जिभेने पाणी आत ओढायचं, चोचीच्या कडेच्या जाळीतून बाहेर टाकायचं आणि आत राहिलेले सूक्ष्म जीव, शेवाळ गिळायचं. पंखांना रंग येतो तो या खाण्यातल्या द्रव्यांमुळेच. थव्यात मळकट करडे दिसतात ते दुसऱ्या जातीचे नव्हेत, ती या थव्यातलीच वयात न आलेली पिल्लं. आमच्या समोर एक रोहित जागच्या जागी पाय आपटत गोल फिरत होता. डोकं मधोमध, पाय भोवती. चिखल ढवळून खाणं वर आणायची ही त्यांची पद्धत. पुढे उथळ भागात गेल्यावर पाण्याखालच्या चिखलात अशी कितीतरी वर्तुळं उमटलेली दिसली, एकाला एक लागून. मोबाइलवाल्या शिक्षिकाबाईंनी होडीतून वाकून तीच टिपली.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूने एक होडी इंजिन चालू ठेवून सरळ थव्याकडे आली. सगळे पक्षी एकदम उठले. त्या होडीतल्यांना उडतानाचे फोटो मिळाले असणार, पण ते कसे मिळाले असतील हे कॅमेरा धरणाऱ्या कोणालाही सांगता येईल: सगळ्या पक्ष्यांची पाठ आणि शेपटी, उजेड उलटा, माना अर्ध्याच. घाबरलेला पक्षी आपल्यापासून लांब जातो, म्हणजे फोटोत त्याचा चेहरा नसतोच. शिवाय त्या थव्याची सकाळची चराई तिथेच संपली. अशी होडी दिवसातून अनेकदा आली तर थवा ती जागाच सोडतो, आणि नुकसान शेवटी त्याच नावाड्यांचं होतं, ज्यांचं हंगामाचं उत्पन्न या पक्ष्यांवर आहे. मला हे पाहून मनापासून वाईट वाटलं.

उडण्याची वाट कशी पाहायची हे शिकता येतं. पक्षी वाऱ्याच्या तोंडाने उडतात. म्हणून होडी अशी लावायला सांगा की वारा तुमच्या पाठीवर असेल. मग पक्षी उठतील ते तुमच्या दिशेने तोंड करून. ऊनही पाठीशी असेल तर सोन्याहून पिवळं. रोहित उठण्याआधी चरणं थांबवतात, माना ताठ करून सगळे एकाच दिशेला चालू लागतात, आवाज वाढतो आणि मग पाण्यावर धावत पंख उघडतात. चालणं सुरू झालं की बोट शटरवर. ते आपणहून उठले तेव्हा आमच्या होडीत कोणी बोललं नाही, नुसते शटर वाजत होते. पंख उघडल्यावर खालचा लाल आणि काळा रंग जो दिसतो, तो उभ्या पक्ष्यात जवळजवळ झाकलेलाच असतो.

सेटिंगचं थोडक्यात सांगतो. उडत्या पक्ष्याला शटर १/२००० सेकंदापेक्षा मंद ठेवू नका, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर ठेवा आणि फोकस सतत पाठलाग करणारा निवडा. गडद पाण्यावरचा पांढरट पक्षी कॅमेऱ्याला नीट मोजता येत नाही, पिसांचा तपशील जळतो, म्हणून एक्सपोजर (फोटोत येणारा उजेड) अर्ध्या स्टॉपने, म्हणजे कॅमेऱ्याच्या उजेड मोजायच्या मापाच्या अर्ध्या पायरीने, कमी करा. तोच पक्षी उजळ आकाशावर आला की उलट करायचं, एक स्टॉप वाढवायचा. हे बटण न बघता फिरवण्याचा सराव घरी गच्चीवर कबुतरांवर करून यावा. आणि साडेनऊनंतर लांबचे फोटो मऊ यायला लागले तर लेन्सला दोष देऊ नका. पाणी तापून हवा थरथरते, त्यावर कुठल्याही किमतीच्या लेन्सकडे उपाय नाही. तेव्हा जवळचे विषय घ्या.

जवळचे विषय तिथे चिक्कार आहेत. चित्रबलाक, राखी बगळे, शेकाट्या, थापट्या बदकं, चक्रवाकाच्या जोड्या, नदी सुरय. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हे रानहंस काठच्या गवतावर चरत होते. डोक्यामागचे दोन काळे पट्टे दिसले की ओळख पटते. बाभळीच्या वाळक्या खोडावर ऑस्प्रे हा मासे पकडणारा शिकारी पक्षी बसला होता, पायात मासा. हा पक्षी मासा घेऊन उडतो तेव्हा त्याचं डोकं पुढे, शेपूट मागे असं धरतो, त्यामुळे वारा कमी अडतो. एवढं माहीत असलं की फोटो काढताना नजर आपोआप पायाकडे जाते.

कुरवांना (सीगल पक्ष्यांना) फरसाण टाकून होडीभोवती गोळा करायची पद्धत काही ठिकाणी आहे. फोटो सोपे मिळतात, पण तळलेलं खारट खाणं पक्ष्यांचं नाही आणि पाण्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या राहतात त्या वेगळ्याच. नावाड्याने विचारलं तर नम्रपणे नको म्हणा. आमच्या नावाडीदादांना तर बरंच वाटलं. त्यांना पक्ष्यांची मराठी, इंग्रजी दोन्ही नावं पाठ होती आणि कुठल्या बेटावर काय उतरलंय हे त्यांच्याइतकं आमच्यापैकी कोणाला कधी कळणार नाही.

एक गोष्ट गंभीरपणे. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवू नका, आणि बंद नीट लावा. मे २०२४ मध्ये याच उजनीत कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. पाणी शांत दिसतं, पण वारा सुटला की मोठ्या तलावाच्या लाटा वेगळ्या असतात. आभाळ भरून आलं, वारा वाढला तर नावाडी म्हणेल तेव्हा परत फिरायचं, चांगला पक्षी समोर असला तरी. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात, जादा बॅटरी आणि कार्ड वरच्या खिशात, आणि सगळ्यासाठी एक न गळणारी पिशवी. पहाटे पाण्यावर गारठा चांगलाच असतो आणि दहाला ऊन चटके देतं, तेव्हा कपडे थरांत घाला. गुलाबी, लाल, झगझगीत पिवळा टाळा.

होडीतून उतरल्यावर पिठलं-भाकरी आणि ठेचा. भूक अशी लागलेली असते की पहिली भाकरी कोणी मोजत नाही. मासे खाणाऱ्यांनी दुपारचं जेवण भिगवणला घ्यावं. धरणाच्या ताज्या माशांसाठी महामार्गावरच्या खाणावळी प्रसिद्ध आहेत.

काठावर जाळी सोडवत बसलेल्या मच्छीमारांचे फोटो काढायचा मोह सगळ्यांनाच होतो. आधी विचारा. आमच्या क्लबात प्रथा आहे की ज्यांचे फोटो काढले त्यांना पुढच्या खेपेला छापून नेऊन द्यायचे. यंदा मागचे छापील फोटो बरोबर होते. एका आजींनी आपला फोटो पदराने पुसला आणि घरात जाऊन नातवाला घेऊन आल्या, आता आमचा दोघांचा काढा म्हणून. त्यानंतर त्या वस्तीवर कॅमेऱ्यांकडे कोणी अवघडून पाहिलं नाही.

वेळ उरला तर डिकसळचा जुना दगडी पूल पाहा. इंग्रजांच्या काळातला हा रेल्वेचा पूल, पुढे रस्त्याच्या कामी आला. वाहतुकीचं गावात विचारून जा आणि पुलावर गाडी लावून फोटो काढत बसू नका. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं तर पळसदेवचं बुडालेलं पळसनाथाचं मंदिर वर येतं. ते पाहायचं तर एप्रिल-मेमध्ये वेगळी फेरी करावी लागेल. माळरानाची आवड असलेल्यांनी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला जावं. चिंकारा, खोकड आणि नशीब असेल तर लांडगा. तिथे वनखात्याच्या गवताळ प्रदेश सफारीचं बुकिंग आधी करावं लागतं. भिगवणची सकाळ आणि कडबनवाडीची संध्याकाळ असा बेत दोन दिवसांच्या सहलीला छान जमतो.

पुढच्या रविवारी क्लबात फोटो पाहण्याची बैठक झाली. हौशी मंडळींनी एकत्र बसून एकमेकांचे फोटो पाहणं आपल्याकडे जुनंच आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि डॉ. नारायण दाजींसारखी आपली माणसं तिच्यात होती. आमचा रिवाज असा की प्रत्येकाने तीनच फोटो आणायचे आणि कसे काढले ते सांगायचं. उडत्या रोहितांचे समोरून आलेले फोटो बऱ्याच जणांकडे होते. पण ज्याच्यावर सगळ्यात जास्त बोलणं झालं तो मोबाइलवरचा: पाण्याखालची चिखलातली वर्तुळं, एका कोपऱ्यात बांबूचं टोक. पक्षी त्यात एकही नाही, आणि थवा तिथे कसा राहतो ते मात्र त्यातच सगळ्यात नीट कळतं.

तुम्ही निघणार असाल तर आदल्या दिवशी नावाड्याला फोन करून तीन गोष्टी विचारा: रोहित कुठल्या बाजूला आहेत, सकाळी वारा कुठून असतो आणि होडीत लाइफ जॅकेट माणशी एक आहे ना. शनिवार-रविवारी काठावर गर्दी फार होते. रजा मिळत असेल तर मधल्या वारी जा.