कळव्याचे पूल

आज मित्राच्या घरी, ठाण्याजवळच्या कळवा गावात जाणं झालं. जाताना खाडीवरचा जुना दगडी पूल नीट पाहिला. ब्रिटिशकालीन, कमानींचा, आता वाहनांना बंद. २०१६ मध्ये महाडला सावित्रीवरचा असाच पूल वाहून गेला, ते आठवून पोटात गोळा आला.

कळवा मूळचं आगरी-कोळ्यांचं गाव, भातशेती आणि मासेमारीवर जगणारं. १८५३ मध्ये बोरीबंदरहून निघालेली रेल्वे ठाण्यात थांबली, कारण पुढे खाडी. तिच्यावर पूल बांधून १ मे १८५४ ला गाडी कल्याणला पोचली. देशातल्या अगदी सुरुवातीच्या रेल्वेपुलांपैकी हा एक, पण रोज लोकलला लटकणाऱ्या आपल्याला कुठे माहीत असतं! (मलाही दारात उभं राहायला जागा मिळाली की बास.)

रस्त्यासाठीही त्या दगडी पुलानंतर दुसरा पूल झाला, २०२२ मध्ये तिसराही सुरू झाला. मित्राच्या आजीला विचारलं, "आता बरं झालं ना?" पापलेटला मसाला लावता लावता म्हणाली, "पूल झालं तीन, पन ट्रॅफिक हाय ती हायच. तू जेवून जा, नायतर घरी पोचेपर्यंत उपाशी मरशील."

जेवूनच निघालो.