तुम्ही विचारलंत म्हणून: या वयात परत ऑपरेशन कशाला?

लग्नकार्यात भेटलेले असोत की सोसायटीच्या बाकावर बसलेले, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. 'एकदा पोट कापून घेतलंत, आता सत्तरीला आलात, मग परत ऑपरेशन कशाला?' वजन पुन्हा वाढलं असेल, असं विचारणाऱ्यांना वाटतं. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

वजनाचा यात काही संबंध नाही, त्रास आहे तो जठरातलं आम्ल घशात चढण्याचा. स्लीव्हचं, म्हणजे जठर लहान करण्याचं, पहिलं ऑपरेशन ज्यासाठी केलं ते काम त्याने चोख केलं. शुगर आटोक्यात आली, इन्सुलिन सुटलं, मी जिने चढायला लागले. त्या ऑपरेशनात जठराचा फुगीर भाग, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश जठर, कायमचा काढून टाकतात आणि एक अरुंद नळी ठेवतात. थोडक्यात पोट भरतं ते त्या अरुंदपणामुळे, आणि माझा आजचा त्रासही त्यातूनच आलाय. नळीत दाब वाढतो, अन्ननलिका जठराला मिळते तिथली पकड ढिली पडते आणि आम्ल वर चढतं. सगळ्यांचं असं होत नाही. माझं झालं, आणि त्यात छोटा हायटस हर्नियाही निघाला, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीच्या बाजूला सरकलेला.

'अहो, ॲसिडिटी काय, आम्हालाही होते,' असं लगेच कोणीतरी म्हणतं. जेवणानंतर करपट ढेकर येणं वेगळं आणि झोपेत घशात आंबट पाणी येऊन श्वास कोंडणं वेगळं. खोकत उठायचं, चूळ भरायची आणि मग उजाडेपर्यंत खुर्चीत बसायचं. माझ्या पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली सुताराकडून लाकडी ठोकळे करून बसवलेत. मी डाव्या कुशीवर झोपते, कारण त्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं. दिवेलागणीलाच जेवण उरकते. पँटोप्राझोल दोन वेळा, जेवणाआधी अर्धा तास, न चुकता घेते. पण गोळी आम्ल कमी करते, खालचं वर येणं काही थांबवत नाही. मागच्या एंडोस्कोपीत एवढ्या औषधांवरही अन्ननलिकेला जखमा दिसल्या, ग्रेड सी, म्हणजे गंभीरच. तुकडा तपासायला पाठवला होता. बॅरेट, म्हणजे अन्ननलिकेचं अस्तर बदलून पुढे कर्करोगाकडे जाऊ शकणारी अवस्था, त्यात नव्हती. तो अहवाल हातात येईपर्यंत घरात कोणी धड बोललं नव्हतं.

रिफ्लक्ससाठी, म्हणजे आम्ल असं वर चढण्यावर, एरवी जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. माझ्याकडे तो भागच उरलेला नाही. म्हणून पर्याय येतो तो स्लीव्हचं बायपास करण्याचा. वर अगदी छोटी पिशवी ठेवतात, तिला लहान आतडं थेट जोडतात, आणि उरलेल्या जठरातलं आम्ल आणि पित्त साधारण शंभर-दीडशे सेंटीमीटर खाली अन्नाला मिळेल अशी वाट करून देतात. पित्त इतक्या लांबून वर येणं अवघड, आणि छोट्या पिशवीत आम्ल फारसं तयारच होत नाही. बहुतेकांना आराम पडतो. सगळ्यांना पडत नाही, हेही सर्जननी स्वतःहून सांगितलं, आणि त्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

त्यांनी आधी खात्री करून घ्यायला सांगितलं. मॅनोमेट्रीसाठी नाकातून बारीक नळी घालतात आणि सांगतील तेव्हा पाण्याचा एकेक घोट गिळायचा, म्हणजे अन्ननलिका अन्न नीट खाली ढकलते का ते कळतं. नंतर दुसरी नळी २४ तास नाकातच ठेवून घरी पाठवतात. कमरेला छोटं यंत्र असतं. जळजळ झाली की त्याचं एक बटण दाबायचं, जेवलं की दुसरं, आडवं झालं की तिसरं. नाकाला चिकटपट्टी लावून मी वरणभात खाल्ला, आणि नात समोर बसून माझ्याऐवजी बटणं दाबत होती. जळजळ खरंच आम्लामुळे होते की नुसती वाटते, हे यातून कळतं. माझी आम्लामुळेच निघाली.

आता दुसरी बाजू. एकदा ऑपरेशन झालेल्या पोटात आतली चिकटलेली जागा सोडवत जावं लागतं, त्यामुळे गळती आणि रक्तस्रावाची जोखीम पहिल्या वेळेपेक्षा जास्त असते. लोह, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यायचं आणि रक्त तपासत राहायचं. पण मला खरं अडवलं ते गुडघ्यांनी. बायपासनंतर डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या बंद, कारण जोडाच्या जागी अल्सर होतो. माझे गुडघे थंडीत त्याच गोळ्यांवर चालतात. म्हणून आधी हाडांच्या डॉक्टरांना विचारलं. आता फिजिओथेरपी आणि पॅरासिटामॉलवर किती निभतं ते पाहतेय. निभलं नाही, तर गुडघा आधी आणि पोट नंतर, असं दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवलंय.

आणि वय? वजनाच्या शस्त्रक्रियांबद्दल २०२२ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये वयाची वरची मर्यादाच ठेवलेली नाही. माणूस किती काटक आहे आणि इतर आजार काय आहेत, ते पाहा, असं त्या म्हणतात. म्हणून माझ्याही तपासण्या तशाच झाल्या. हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता येतं, हाताची पकड किती आहे, हाडांची घनता किती. उतारवयात वजनाबरोबर स्नायूही झडतात आणि एकदा गेले की परत येणं कठीण. मला आता आणखी बारीक व्हायचं नाही, हे मी सर्जनना पहिल्याच भेटीत सांगितलं. पनीर, अंडी, मूग, ताक असं करत प्रथिनं वाढवतेय, आणि रोज हात न टेकता खुर्चीतून उठायचा सराव चालू आहे.

माझ्या मनाचा कौल ऑपरेशनकडे आहे. गोळ्यांवर भागत असतं तर या वयात मी पोटाला हात लावू दिला नसता, आणि ज्यांचं भागतंय त्यांनी लावूही देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण माझ्या जखमा भरत नाहीत आणि मला आडवं होऊन झोपता येत नाही. हिमोग्लोबिन अजून कमी आहे, ते वर आलं आणि गुडघ्यांनी साथ दिली की तारीख घेणार. तेव्हा भेटायला जरूर या, फक्त येताना पेढे आणू नका. बायपासनंतर गोड खाल्लं की घाम फुटून छातीत धडधडतं म्हणतात.