जास्वंदीवरचं सगळंच पांढरं मारू नका

मार्च संपत आला की नाशकात कुठल्याही कॉलनीतून एक चक्कर मारा, इंदिरानगर घ्या, गंगापूर रोड घ्या, सिडको घ्या, आणि कंपाउंडवरून बाहेर आलेल्या जास्वंदीचे शेंडे बघा. पानं आखडलेली, कळ्या न उमलताच गळालेल्या, शेंडा कोबीच्या गड्ड्यासारखा आवळून बसलेला आणि त्याच्या खाचेत पांढरं पांढरं काहीतरी. विचारलं की लोक सांगतात, भुरी पडलीये. भुरी नाहीये हो ती, पिठ्या ढेकूण आहे, म्हणजे मिलीबग, आणि खरं तर नाशिककरांना मिलीबग काय ते सांगायची गरजच नाही, कारण द्राक्षाच्या घडात शिरून जो आख्खा माल चिकट करून टाकतो तोच हा. गुलाबी पिठ्या. शास्त्रीय नाव मॅकोनेलिकॉकस हिर्सुटस, जास्वंद आणि द्राक्ष दोन्ही त्याच्या आवडीची, शिवाय सीताफळ, पेरू, भेंडी आहेतच.

भुरीचा घोळ आपल्याकडे जास्त होतो कारण घरोघरी कोणी ना कोणी द्राक्षवाला असतो आणि पांढरं दिसलं की तोंडात पहिलं भुरीच येतं. मग गंधक मारतात. गंधक बुरशीला चालतं, भुरी ही बुरशी आहे, पण पिठ्या हा जिवंत रस शोषणारा किडा आहे, त्याला त्या गंधकाने काहीही फरक पडत नाही. ओळखायला एकदम सोपं आहे, भुरी पानावर सपाट पसरते आणि बोटाने पुसली की पावडर निघते. पिठ्याचे पुंजके उचललेले असतात, आणि त्यातला एखादा अंगठ्याने चिरडला की लालसर गुलाबी पाणी निघतं. पिवळं निघालं तर तो बहुतेक पपईवरचा पिठ्या, तो पण जास्वंदीवर येतो.

शेंडा आवळतो तो नुसता रस गेल्यामुळे नाही. या किड्याच्या लाळेतच विष असतं, ते कोवळ्या फुटीत गेलं की पान सरळ वाढतच नाही, तिथल्या तिथे गुंडाळतं, आणि त्या गुंडाळीत किडा आरामात राहतो, वरून मारलेलं कुठलंही औषध आत पोचत नाही. एक मादी 500-600 पर्यंत अंडी घालू शकते, सगळी त्या पांढऱ्या कापसाच्या पिशवीत, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात साधारण महिन्याभरात पुढची पिढी तयार. म्हणून परवा एक शेंडा होता आणि आज सगळं झाड कसं भरलं हा प्रश्न पडतो.

आमची जास्वंद साधी, लाल, पाच पाकळ्यांची गावठी. झुडूप म्हणावं अशी ती कधीच राहिली नाही, चांगलं झाड झालंय, वरची फांदी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत येते आणि सासूबाई तिथूनच हात घालून गणपतीची फुलं काढतात. त्यामुळे या झाडाचं काही बिघडलं की घरात सगळ्यात आधी त्यांना कळतं. या वर्षी त्या म्हणाल्या, "अगं फुलं चिकट लागतायत हाताला, आणि मुंगळे बघ किती." आणि माझ्या मते खरी किल्ली तीच आहे. पांढरं दिसायच्या आधी मुंगळे दिसतात.

पिठ्या जो रस पितो त्यातली जास्तीची साखर तो बाहेर टाकतो, बागेतले लोक त्याला चिकटा म्हणतात, त्यावर नंतर काळी काजळी चढते. मुंग्या-मुंगळे त्या चिकट्यासाठी येतात. आणि नुसत्या खायला येत नाहीत, त्या पिठ्याची राखण करतात. त्याला खायला जे कीटक येतात त्यांना हुसकावतात, पिल्लं एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नेतात. म्हणजे मुंग्यांची रांग चालू असेपर्यंत तुम्ही वर काहीही फवारा, काही दिवसांत पहिलेच पाढे पंचावन्न. म्हणून मी सुरुवात खोडापासून करते. जुन्या सुती कापडाची पट्टी खोडाला घट्ट गुंडाळायची, तिच्यावर प्लास्टिक टेप, आणि त्या टेपवर ग्रीस. थेट सालीवर ग्रीस लावू नका, साल खराब होते. आणि हे करून झाल्यावर झाडाला एक फेरी मारा, फांदी कुठे भिंतीला टेकलीये का, ग्रिलला लागलीये का, कपड्यांची दोरी तिला बांधलीये का, कारण मुंग्यांना तेवढा एक पूल पुरतो. आमच्याकडे दोरीच होती. ती सोडली, रांग तुटली.

आता ज्याच्यासाठी मुळात लिहायला बसले ते.

रांग तुटल्यावर काही दिवसांनी त्याच पुंजक्यांमध्ये मला वेगळं पांढरं दिसायला लागलं. पिठ्यापेक्षा मोठं, अंगावर लांब लांब मेणाच्या झालरी, विस्कटलेल्या. आपण पहिलं काय म्हणतो, बापरे, केवढा मोठा मिलीबग झाला! आणि चिमटीत धरून चिरडतो. चिरडू नका!! काडीने हळूच ढोसा त्याला. पिठ्या जागचा फारसा हलत नाही, हा मात्र झरझर चालायला लागतो. उलटा केला की पाय स्पष्ट दिसतात. मी भिंग घेऊन गॅलरीत बराच वेळ बसले होते, त्या अळीने डोकं त्या कापसाच्या पिशवीत खुपसलं, मागचा भाग तेवढा बाहेर, आणि आतली गुलाबी अंडी एकेक करून संपवत होती, मध्येच थांबायची, तोंड बाहेर काढायची, परत आत. ही ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची अळी. क्रिप्टोलिमस मॉन्ट्रोझायरी. मोठा झालेला किडा अगदी बारका, साधारण 4 मिमी, पाठ काळपट आणि डोकं नि शेपटीकडचं टोक नारिंगी, त्याला बघून कोणाला शंका येत नाही. अळी मात्र शिकारीसारखी दिसतच नाही, ज्याला खाते त्याच्यासारखीच दिसते, आणि म्हणून आपल्याच हातून मरते.

हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. 1898 मध्ये भारतात आणला, तेव्हा कॉफीवरच्या खवले किडीसाठी, आणि पुढे दक्षिणेत पिठ्यावर त्याने चांगलं बस्तान बसवलं. द्राक्षबागेत हा सोडतात, प्रयोगशाळेत भोपळ्यावर पिठ्या वाढवून त्यावर हा वाढवला जातो. शेजारच्या काकांची दिंडोरीकडे बाग आहे, ते म्हणाले आमच्याकडे हा दिसला की फवारणीचा विचार दोनदा करतो. त्याची मादी अंडी घालते तीही थेट पिठ्याच्या अंड्यांच्या कापसात, पिल्लं बाहेर पडली की ताट वाढलेलंच.

आणि हे काही हौशी लोकांचं खूळ नाही. 2008 ला तमिळनाडूत पपईवरचा नवा पिठ्या दिसला, मग बघता बघता पपई, तुती, टॅपिओका सगळं पांढरं व्हायला लागलं, शेतकऱ्यांनी औषधं मारून मारून हात टेकले. 2010 ला पोर्तो रिकोहून एक अगदी बारीक गांधीलमाशीच्या कुळातला परोपजीवी आणला, अ‍ॅसेरोफॅगस पपाये, आणि तो सोडल्यावर तो पिठ्या आटोक्यात आला. फवारण्यांनी जमलं नव्हतं ते एका किड्याने केलं.

म्हणूनच मला बागेतून आणलेल्या उरलेल्या बाटल्यांचा राग येतो, स्पष्टच सांगते. नाशकात ही पद्धतच आहे, कोणाच्या तरी शेडमध्ये अर्धी बाटली असते, लेबल निघालेलं असतं, "घे ना, एकदा मार, साफ होऊन जाईल" म्हणून ती घरच्या झाडाला येते. द्राक्षाला काढणीच्या आधी किती दिवस फवारायचं नाही याचे नियम असतात, निर्यातीचा माल तर औषधाचा उर्वरित अंश तपासल्याशिवाय जात नाही. घरच्या जास्वंदीला कोण विचारतं? तिचं फूल रोज तोडलं जातं, देवाला जातं, केसांच्या तेलात उकळलं जातं, आणि सूर्यपक्षी दिवसभर त्यात चोच घालत असतो. अंतरप्रवाही औषध मुळाशी ओतलं तर ते झाडभर फिरतं, फुलातल्या मधातही उतरू शकतं. आणि ढालकिडा पहिला मरतो. पिठ्याची अंडी मेणाच्या पिशवीत सुरक्षित, शिकारी मेलेला, मग पुढची पिढी आधीपेक्षा जोरात येते.

मग करायचं काय. आवळलेले शेंडे कापायचे, निर्दयपणे, जास्वंद परत फुटते काळजी करू नका, पण कापायच्या आधी त्यात झालरवाली अळी असेल तर तिला काडीने दुसऱ्या पुंजक्यावर सोडा. कापलेलं खाली टाकायचं नाही, कंपोस्टमध्ये तर अजिबात नाही, प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारून दिवसभर उन्हात ठेवा आणि मग घंटागाडीत. उरलेल्या झाडाला पाइपला बोट लावून जोरात पाणी, पानांच्या खालून. त्याने निम्मं काम होतं.

राहिलेल्या जागी निंबोळी तेल, 1 लिटर पाण्याला 5 मिली. आधी तेलात थोडा सौम्य लिक्विड साबण घोटायचा, मग पाणी, नाहीतर तेल वर तरंगतं आणि नुसतं पाणी फवारलं जातं. कपड्याची पावडर नको, पानं करपतात. संध्याकाळीच मारा, एप्रिलच्या दुपारी मारलं तर साबणाने पण पान जळतं. मोठ्या पिठ्यावर मेण असतं त्यामुळे त्याला फारसं लागत नाही, नुकती निघालेली उघडी पिल्लं मरतात, म्हणून 7-8 दिवसांनी परत करावंच लागतं, एकदा मारून "काही उपयोग नाही" म्हणणाऱ्यांचं इथेच चुकतं. आणि ज्या फांदीवर ढालकिडे कामाला लागलेत ती फांदी सोडून द्या, तिथे साबण पण नको.

जमलं तर युरिया बंद ठेवा या काळात. जास्त नत्र म्हणजे लुसलुशीत फूट, आणि ती त्याला सगळ्यात आवडते.

पावसाळा लागला की कृषी सेवा केंद्रातून व्हर्टिसिलियम लेकॅनी आणा, ही किड्यांना होणारी बुरशी आहे, पावडर असेल तर 5 ग्रॅम लिटरला, संध्याकाळी, ढगाळ दमट हवेत. उन्हाळ्यात आणून पैसे घालवू नका, कोरड्या हवेत ती बुरशी रुजत नाही. तसंही जोराचे दोन-चार पाऊस झाले की पिठ्या बराच धुऊन जातो, पण खोडाच्या भेगांत आणि फांदीच्या बेचक्यात काही उरतोच, तिथे जुन्या टूथब्रशने साबणाचं पाणी घासून घ्या. द्राक्षवाले खोडाची सुटलेली साल काढतात ते याच्याचसाठी.

आणि नर्सरीतून नवीन जास्वंद आणाल तेव्हा फुलाचा रंग बघायच्या आधी पान जिथे फांदीला जोडलेलं असतं ती जागा बघा, शेंडा उलगडून बघा, कुंडीवर मुंग्या आहेत का बघा. रोप घरी आणलं तरी थोडे दिवस बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा, आमच्याकडे ते जिन्याखाली राहतं, तिथे ऊन कमी पडतं पण तेवढ्याने रोप मरत नाही.