मीच बुजवलेला चर

जुलैतला फोन. लांज्याजवळच्या एका घरात माजघराच्या लाद्यांच्या सांध्यांतून पाणी वर येतंय, प्लंबरने दोनदा पाइप तपासले, गळती कुठेच नाही. घर कुठलं ते कळलं आणि पोटात गोळाच आला. त्या घराभोवतीची बाग मी केली होती, चार महिन्यांपूर्वी, मार्चच्या रखरखीत उन्हात.

पोचलो तेव्हा पाऊस कोसळत होता. आत न जाता छत्री घेऊन मागीलदारी उभा राहिलो. डोंगराकडून येणारं पाणी माझ्या लॉनवरून थेट जोत्याकडे सरकत होतं. लॉनला उतार होता, पण घराच्या दिशेनं. मागच्या पडवीत बसलं की सगळी हिरवळ नजरेत भरावी म्हणून. भरीला भिंतीला चिकटून जास्वंदीचे वाफे, दीड फूट मातीचा भराव. अर्धं जोतं मातीत. जांभा दगड पाणी पितो, हे इथल्या पोरालाही ठाऊक. पागोळ्याही त्याच वाफ्यांत पडत होत्या. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात मी हे केलं होतं.

आजी पडवीतून म्हणाल्या, "अरे, तिथे चर होता ना! आमचे मामंजी आगोटीआधी उपसून घ्यायचे."

आठवला. पालापाचोळ्याचा खड्डा समजून मीच तो माती ओतून बुजवला होता. आजी तेव्हा मुंबईला लेकाकडे होत्या, पण विचारायला दुसरं कुणी नव्हतं असं थोडंच आहे.

दोन गडी बोलावले. २ फुटांवर पहारीला चिरा लागला. चर नुसता खणलेला नव्हता. दोन्ही अंगांनी चिऱ्यांनी बांधून, घराला वळसा घालून व्हाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, नेलेला होता. संध्याकाळी तोंड मोकळं झालं आणि लोंढ्याबरोबर गड्याचं घमेलंही गेलं.

उघडीप मिळाल्यावर वाफे काढले. भिंतीपासून पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार दिला, बाहेरच्या बाजूला. हे प्रमाण मला मार्चमध्येही तोंडपाठ होतं; मालकाला नाही म्हणवलं नव्हतं, इतकंच.

लाद्या सुकायला दिवाळी उजाडली. चराचे पैसे मी घेतले नाहीत. आजींनी मात्र ते काम कायमचं माझ्या गळ्यात घातलंय. मे संपत आला की फोन येतो, "फावडं घेऊन ये रे."