गच्चीवरचा पर्जन्यमापक, आणि जानेवारीत बर्फाची तयारी

ठाण्यात येऊरच्या बाजूला राहतो. यंदा गच्चीवर दोन पर्जन्यमापक शेजारी शेजारी ठेवले: एक साधा, १०० चौरस सेंमी तोंडाचा, दुसरा वायफायवाला, डुलत्या बादलीचा (आतली इवलीशी बादली ठरावीक पाणी भरलं की उलटते, किती वेळा उलटली त्यावरून पाऊस कळतो). नुसती रिपरिप असली की दोघांचं छान जमतं. जुलैत सरी कोसळायला लागल्या की वायफायवाला मागे पडतो, कधी कधी दहाव्या हिश्शाने. बादली उलटत असते त्या क्षणी नरसाळ्यातून आलेलं पाणी मोजलंच जात नाही, आणि धार जाड झाली की बादली सारखी उलटते. त्यामुळे वहीत आकडा साध्याचा, वायफायवाला फक्त सर कधी आली ते सांगायला. वाचन सकाळी साडेआठलाच. हवामान खात्याचा पावसाचा दिवस तेव्हा संपतो. वेळ चुकवली तर तुलनेला अर्थ नाही.

खाडीपलीकडे ऐरोलीत एक मित्र मोजतो. त्याचा आकडा कधी माझ्या निम्मा येतो आणि आमची जुंपते. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी झाला तेव्हा कुलाब्याला जेमतेम ७३ होता, तर ठाणे-ऐरोलीत फरक पडणारच. (मापक माझाच बरोबर, हे वेगळं.)

आता हिवाळा. जानेवारीत मनालीला मुक्काम आहे, पश्चिमी झंझावात (हिवाळ्यात पश्चिमेकडून येऊन हिमालयात बर्फ पाडणारी हवामान प्रणाली) गाठ पडला तर बर्फ मोजायचा. साधा मापक तिथेही चालतो, मात्र नरसाळं आणि आतली बाटली काढायची, नाहीतर तोंडावरच बर्फ साचून बसतो. पडलेला बर्फ वितळवायला मोजून कोमट पाणी ओतायचं आणि नंतर तेवढं वजा करायचं. माझ्या मापकात १० मिली म्हणजे १ मिमी, हिशेब तोंडी होतो. जाडी मोजायला पांढरा रंगवलेला प्लायवूड आणि पट्टी. वाचन झालं की फळी झाडायची, पण सहा तासांच्या आत पुन्हा नाही: बर्फ आपल्याच वजनाने दबतो, सारखी झाडली तर बेरीज फुगते. १० सेंमी ताज्या बर्फाचं साधारण १० मिमी पाणी, असं ढोबळ गणित सांगतात. भुसभुशीत कोरडा बर्फ ते पार मोडतो, म्हणून वितळवणं टाळायचं नाही.

खरी अडचण वाऱ्याची. गच्चीच्या कठड्याशी पावसाचे थेंब उडून जातात, तिथे बर्फाची काय कथा. हॉटेलच्या मागे आडोशाची मोकळी जागा आहे का, ते फोन करून विचारलंय. मालकाला अजून वाटतंय की मला गाडी लावायचीय.