नाडीची गाठ

दुपारी मोरीत बादली दिसली आणि तिच्यात मोरपिशी फॉल पडलेला असला, की समजावं, घरात साडीची जाण असलेलं कोणीतरी आहे. फॉल रात्रभर भिजवायचा, न पिळता दोरीवर टाकायचा, इस्त्री फिरवायची आणि मगच सुई लावायची. फॉल सुती, साडी बहुधा नसते. कोरा फॉल पहिल्या धुण्यात आटतो, साडी आटत नाही. मग काठ असा गोळा होतो की निऱ्या पुन्हा कधी सरळ पडत नाहीत. बडोद्यात मंगळ बाजाराच्या बाजूला अर्ध्या तासात फॉल-पिको करून मिळतं. भिजवला होता का, हे तिथे विचारू नये. नुसतं हसतात.

लुगड्याला ही कटकट नव्हती. नऊ वार, सव्वाआठ मीटर कापड. कमरेला गाठ, पुढे निऱ्या, मागे कासोटा, झालं. आत परकर नाही. चोळी खणाची, तीही पुढे गाठ मारायची. हूक नाही, पिन नाही, नाडी नाही. सहावारीत कासोट्याचं कापड गेलं, तेव्हा निऱ्या खोचायला काहीतरी हवं म्हणून आत परकर आला आणि सगळा भार नाडीवर पडला.

हे नेसणं आलं कुठून? 1860 च्या दशकात ज्ञानदानंदिनी देवी, सत्येंद्रनाथ ठाकुरांच्या पत्नी, मुंबईत आल्या. पारशी बायकांची साडी पाहून त्यांनी आपलं नेसणं बसवलं आणि ते बंगालात नेलं. नवरा सनदी नोकरीतला, इंग्रज साहेबांत ऊठबस. तिथे नुसत्या पातळ साडीनं भागेना, म्हणून आत परकर आणि अंगात चोळी आली. इथल्या, बडोद्याच्या, राजवाड्यासाठी पौराणिक चित्रं रंगवणाऱ्या रविवर्म्यानं 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, तेव्हा घरोघर भिंतीवर आलेल्या लक्ष्मी-सरस्वतीही नीट बेतलेली चोळी घालून आल्या. देवींनाही शिंपी लागला तो असा.

आणि शिफॉन! ती तर बडोद्याच्याच लेकीची करणी. इंदिराराजे गायकवाडांनी ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेलं लग्न स्वतः पत्र लिहून मोडलं आणि 1913 मध्ये लंडनला जाऊन कूचबिहारच्या जितेंद्रनारायणांशी मनासारखं केलं. पुढे फ्रान्सची शिफॉन साडी म्हणून नेसायची चाल त्यांनीच पाडली. शिफॉनखाली सुती परकर चालत नाही, साडी त्याला चिकटून बसते. सॅटिनचा घ्यावा, साडीच्याच रंगाचा, आणि साडीपेक्षा इंचभर आखूड. दुकानात मागताना ‘चणियो’ म्हटलं की चटकन मिळतो. चार कळ्यांचा, म्हणजे चार उभ्या तुकड्यांचा, घेऊ नये, जिना चढताना पायांत अडकतो. सहा कळ्यांचाच बरा.

ब्लाउजची तऱ्हा आणखी वेगळी. कापड मीटरनं फाडतात आणि माप इंचात घेतात. मीटर कायद्यानं येऊन साठ वर्षं उलटली, तरी छत्तीसची छाती काही एक्क्याण्णवची झाली नाही. बेतणी फोर टक्सची घ्या की कटोरीची, शिवताना बाजूच्या शिवणीत इंचभर कापड दाबून ठेवायला सांगावं; दोन दिवाळ्यांनी ते उसवावं लागतंच. पाच हुकांतला मधला आधी ताणतो, तिथे पट्टी दुहेरी हवी. शिंपी ज्याला काज म्हणतात तो शब्द पोर्तुगीज ‘काझा’, म्हणजे घर. बटणाचं घर! फीतही त्याच गलबतातून आली. उत्तरेकडे परकराला साया म्हणतात, तोही पोर्तुगीजच.

आता गणपतीत आणि लग्नांत पोरी हौसेनं ‘आपला पारंपरिक पोशाख’ म्हणून जी नऊवारी घालतात, ती शिवलेली असते. हो, घालतात, नेसत नाहीत. दोन पाय, टाचलेल्या निऱ्या, कमरेला इलॅस्टिक नाहीतर नाडी. चिडायचं कशाला? पाच मिनिटांत तयार होता येतं. फक्त आसनाचं माप बसवून घ्यायला सांगावं. उभ्यानं घेतलेलं कमी पडतं आणि पंगतीत मांडी घातली की कासोट्याची शिवण टर्रकन जाते.

नाडीचं मात्र हसण्यावारी नेऊ नये. बारीक गोल नाडी रोज एकाच जागी करकचून बांधली की आधी वळ उठतो, मग कातडी काळी पडते, खाज सुटते, जखम होते. नेफ्याला दोन बोटं रुंद पट्टी लावावी, गाठ रोज थोडी सरकवावी, घरात असताना सैल सोडावी. बऱ्याच बायका डाग दिसला तरी वर्षानुवर्षं कोणाला दाखवत नाहीत. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी अशा जखमेचा कर्करोग झालेल्या दोन बायकांची नोंद छापली. दोघी सत्तरीच्या आसपासच्या. मथळ्यात परकराचं नाव होतं, त्यामुळे दोष थेट साहेबावर ढकलायची चांगली सोय झाली असती. पण त्यातली एकच परकरवाली होती. दुसरी चाळीस वर्षं लुगडं नेसत आलेली, आत परकर नाही, गाठ तितकीच घट्ट.