तुम्ही विचारलंत म्हणून: वही का बंद केली

"ताई, वही परत कधी सुरू करताय?" रविवारी आतकरवाडीत बुटाची नाडी बांधताना कुणीतरी विचारतंच. मी "बघू" म्हणते आणि सिंहगड चढायला लागते. चार वर्षं झाली असं "बघू" म्हणत. आता एकदाच सगळं सांगते.

वहीची पद्धत जुन्यांना माहीत आहे, नव्यांसाठी थोडक्यात. साधी दोनशे पानी वही, वर ताकवाल्या मावशींकडे ठेवलेली. खालून धावत निघायचं, पुणे दरवाजात पोचलं की वहीत नाव आणि लागलेला वेळ लिहायचा. फी नाही, छातीवर नंबर नाही, पदक नाही. जेमतेम पावणेतीन किलोमीटरची वाट, पण त्यात सहाशे मीटरच्या आसपास चढ. वही मीच आणली होती आणि पहिल्या पानावर मीच लिहिलं होतं, "ज्याने त्याने आपापल्या जबाबदारीवर यावे."

त्या वहीने खूप दिलं, हे मी आजही ठासून सांगेन. बाळंतपणानंतर वर्षभराने आलेली मुलगी तिथे दीड तास लिहून गेली आणि दिवाळीपर्यंत पन्नास मिनिटांवर आली. वाडीतला एक पोरगा स्लिपर घालून आमच्या सगळ्यांच्या पुढे पोचला आणि त्याने आपलं नाव सावकाश, सुंदर अक्षरात लिहिलं. म्हणून "एका प्रसंगामुळे चांगली गोष्ट मोडलीत" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. मोडताना मला सोपं गेलं नाही.

तो मे महिना होता. वाट फुफाट्याची, करवंदाच्या जाळ्या धुळीने पांढऱ्या झालेल्या. आम्ही सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी निघालो. तीन वर्षं मी पस्तीस मिनिटांच्या आत यायचा प्रयत्न करत होते आणि त्या दिवशी पाय चांगले पडत होते. अर्ध्याहून वर, वाट उभी होते तिथे, आमच्यातले एक काका दगडावर बसलेले दिसले. बँकेतून निवृत्त झालेले, आमच्यात येऊन सहाच महिने झालेले. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली. मी न थांबता विचारलं, "काका, ठीक ना?" त्यांनी हात वर केला. मी मनगटाकडे पाहिलं, एकवीस मिनिटं झाली होती, आणि पुढे निघाले.

त्यांचा चेहरा कसा होता, घाम किती होता, ओठ कसे दिसत होते, यातलं काही मला आठवत नाही. घड्याळातले आकडे आठवतात.

वर पोचले तेव्हा ३४ मिनिटं ५२ सेकंद झाले होते. मी ते वहीत लिहिलं, मावशींकडून ताक घेतलं, तटाला टेकून बसले. पंधरा-वीस मिनिटं मी अगदी सुखात होते. मग खालून एक मुलगा ओरडत आला.

काकांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते त्या वळणावर दही विकणाऱ्या बाईंनी. त्यांनी मडक्यांची पाटी खाली ठेवली, काकांना सावलीत टेकवलं, शर्टाची बटणं सोडली आणि वाडीतल्या पोरांना हाका मारल्या. मी खाली पोचेपर्यंत घोंगडीची झोळी बांबूला बांधून झाली होती. आमच्यातले काहीजण म्हणत होते, आतकरवाडीत उतरवू, १०८ला फोन करू. पोरं म्हणाली, उतारावर झोळी हिसके देईल, वर गाडीतळावर जीप उभी आहे, वरच नेऊ. त्यांनी वरच नेलं. मी बाटली धरून बाजूने चालत होते, दुसरं काही येत नव्हतं.

घाटातून शहरातल्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत सव्वाआठ वाजले. डॉक्टरांनी काकूंना विचारलं, "दुखायला कधी लागलं?" काकू घरून थेट आलेल्या, त्यांना काय माहीत असणार? मी म्हणाले, "सहा एकतीसला ते बसलेले होते." काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तिथे होतात?"

हार्ट अटॅक होता. काका वाचले, पण हृदयाचा काही भाग कायमचा निकामी झाला. बंद झालेली रक्तवाहिनी जितकी उशिरा उघडते तितका स्नायू मरतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मी थांबले असते तर काय झालं असतं? पंधरा-वीस मिनिटं वाचली असती, कदाचित नसतीही, कारण त्या बाई माझ्यामागून काही मिनिटांतच तिथे पोचल्या होत्या. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्याचं काकांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. आणि हात तर त्यांनी स्वतःच वर केला होता. हे सगळं मी स्वतःला कितीतरी वेळा सांगितलंय. यातलं काहीच खोटं नाही आणि याने काही हलकंही होत नाही.

पहिल्या पानावरचं ते वाक्य लिहिणारी मी आणि आजची मी यांचं अजून भांडण चालू आहे. ती म्हणते, आयोजक नाही तर जबाबदार कोण? मी म्हणते, "ठीक ना?" विचारलंस तेव्हा जबाबदारी घेतलीच होतीस, उत्तर ऐकायला थांबली नाहीस. ती म्हणते, मग वही काय म्हणून बंद केलीस, दोष वहीचा होता का? इथे मला उत्तर सुचत नाही. हल्ली प्रत्येकाच्या मनगटावर घड्याळ आहे, फोनमध्ये सगळ्यांचे वेळ आपोआप ओळीने लागतात. वही बंद झाल्याने कुणी हळू चढायला लागलं नाही.

एवढं मात्र केलं: सगळ्यांत मागे आळीपाळीने एक जाणता माणूस असतो, आणि कुणी बसलेलं दिसलं तर थांबून, तोंडाकडे बघून विचारायचं. त्यावरही कुरकुर होते. होऊ दे.

काका आता तळजईवर सपाटीला चालतात. भेटले की पहिला प्रश्न तोच, "या रविवारी किती?" मी सांगते, सेकंदासकट. त्यांच्यापासून ते लपवणं मला जमत नाही.